तीन काड्या

आई लाइटबिल मोबाइलवर भरते. म्हणजे भरायची, परवाच्या अपडेटपर्यंत. दुधाच्या हिशोबाची जी वही आहे तिच्या शेवटच्या पानावर तिने लिहून ठेवलंय: 'तीन काड्या, वरून चौथं, निळं, मग अंगठा.' झालं, बिल भरलं.

तीन काड्या म्हणजे कोपऱ्यातला तो मेनू. डिझाइनवाले त्याला हॅम्बर्गर म्हणतात. नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरने तो १९८१ च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी काढला, उघडल्यावर यादी येते म्हणून चित्रही यादीसारखं. आईला त्यात यादी दिसत नाही, बर्गर तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर मलाही काड्याच दिसतात.

परवा मी दादरच्या पुलावर, सहाची गर्दी, आणि हिचा फोन. "अरे, निळं कुठे गेलं?"

"अगं आई, काय लिहिलंय ते वाच ना."

"वाचतेय की! चौथ्यावर आता ऑफर्स आलंय. दाबू का?"

"नको नको, काही दाबू नकोस!"

चिडलोच जरा. वाचायला काय होतं माणसाला? पण मग लक्षात आलं की मी स्वतः तरी कुठे काय वाचत होतो, फोन कानाला लावून, मान खाली घालून बरोबर माझ्या जिन्यापाशी पोचलो होतो. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरला प्लॅटफॉर्मना सलग नंबर आहेत, वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४. आधी दोन्हीकडे एक नंबर होता त्यामुळे नवखा माणूस हमखास चुकायचा, तेव्हा बदल चांगलाच, पण माझ्यासाठी ते आठ नंबर अजून 'सेंट्रलचं एक'च आहे आणि त्याने माझं काहीही अडत नाही. बोर्ड वाचतो तो पाहुणा, बॅग घेऊन पुलाच्या मधोमध उभा असतो, आपण त्याला वळसा घालून जातो.

दादरला नंबर बदलले, जिने जागेवर राहिले. या ॲपवाल्यांनी नेमकं उलटं केलं, नाव तेच, 'बिल भरा', पण जिनाच उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला.

रात्री घरी गेल्यावर शोधून दिलं. आता तीन काड्यांची गरजच नाही, खाली उजवीकडे आहे, म्हणजे सोपं झालंय म्हणे. आईने वहीतली जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. पेन्सिलने.