वॉर्निंग दिसली की कास्ट मारायचा, हे थांबवूया

जुन्या एम्बेडेड कोडवर (यंत्रांतल्या छोट्या चिपवर चालणारा सी कोड) जीसीसी या कंपायलरचा डब्ल्यू-कन्व्हर्जन फ्लॅग (टाइप बदलताना आकडा बदलू शकतो तिथे इशारा देणारा) लावला की वॉर्निंग्जचा पूर येतो आणि मग बऱ्याच टीममध्ये एकच उपाय चालतो, जिथे वॉर्निंग तिथे कास्ट, म्हणजे टाइप हाताने लिहून बदलणं. लॉग स्वच्छ, रिव्ह्यू पास. मला हे अजिबात पटत नाही, कारण कास्ट मारणं म्हणजे कंपायलरला सांगणं की हे मी तपासलंय, तू बघू नकोस, आणि खरं तर कोणीच तपासलेलं नसतं.

मुळात सी मध्ये इंटपेक्षा लहान टाइपवर गणित होतच नाही. दोन यूइंट८ ची (८ बिटचा, ० ते २५५ मावणारा टाइप) बेरीज करायची तर आधी दोन्ही इंट होतात, उत्तरही इंट येतं आणि ते परत यूइंट८ मध्ये ठेवलं की कंपायलर म्हणतो व्हॅल्यू बदलू शकते. आता चेकसम (डेटा बिघडला का ते तपासायची बेरीज) काढताना २५५ नंतर ० यावा हेच तर आपल्याला हवं असतं, म्हणून ती वॉर्निंग खोटी. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने हे सुधारलं, दोन्ही ऑपरंड टार्गेट टाइपमध्ये मावत असतील तर आता तो गप्प बसतो आणि जुनं वागणं हवंच असेल तर डब्ल्यू-अरिथ-कन्व्हर्जन वेगळा लावायचा. (मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी च्या नियमावलीवाले आधीपासून असाच विचार करतात, यूइंट८ अधिक यूइंट८ म्हणजे यूइंट८ च.) चिपवाल्याची टूलचेन जुनी असेल तर उत्तराला ०एक्सएफएफ चा मास्क लावा, म्हणजे खालचे ८ बिट्सच ठेवा, तेवढ्याने वॉर्निंग जाते आणि वाचणाऱ्याला हेतूही कळतो.

पण माझा खरा आग्रह वेगळाच आहे. लूप काउंटर दहापर्यंतच जातो म्हणून तो यूइंट८ ठेवायचा, मेमरी वाचते म्हणे! अहो, ३२ बिट एआरएमवर तो बहुतेक वेळा रजिस्टरमध्येच बसतो, उलट वरचे बिट्स साफ करायला कधी कधी जादा यूएक्सटीबी इन्स्ट्रक्शन लागते. यूइंट८ आणि यूइंट१६ स्ट्रक्टमध्ये, बफरमध्ये, पॅकेटमध्ये ठेवा, गणित इंट नाहीतर अनसाइन्डमध्ये (निगेटिव्ह न होणारा इंट) करा आणि शेवटी एकाच जागी रेंज तपासून लहान करा, तिथला एक कास्ट मला मान्य आहे. एवढ्यानेच बहुतेक आवाज बंद होतो.

साइन-कम्पेअरचंही (साइन्ड आणि अनसाइन्डच्या तुलनेवरची वॉर्निंग) तसंच. साइझऑफशी तुलना करणारा काउंटर साइझ_टी (साइजसाठीचा अनसाइन्ड टाइप) करा, फक्त उलटा मोजणारा लूप असेल तर जपून, कारण अनसाइन्ड कधी शून्याखाली जातच नाही आणि लूप संपतच नाही. डेटा वाचणारं रीडसारखं फंक्शन चूक झाली की -१ परत देतं, तिथे आधी निगेटिव्ह आहे का ते बघायचं आणि मगच साइझ_टी मध्ये कास्ट. नुसता कास्ट मारून तो आकडा मेमकॉपीला (मेमरी कॉपी करणारं फंक्शन) किती बाइट म्हणून दिला तर -१ चा प्रचंड मोठा आकडा होतो.

प्रिंटएफची वॉर्निंग (छापायच्या आकड्याचा टाइप फॉरमॅटशी जुळत नाही) तर कॉर्टेक्स-एम या एआरएमच्या छोट्या चिप्स वापरणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीची. न्यूलिब या तिथल्या सी लायब्ररीमध्ये यूइंट३२ म्हणजे अनसाइन्ड लाँग, त्यामुळे %यू लिहिलं की बोंब, %एलयू केलं की हाच कोड पीसीवर टेस्ट करताना तिकडे बोंब, कारण तिथे यूइंट३२ म्हणजे अनसाइन्ड इंट. साइज दोन्हीकडे चार बाइटच, पण टाइप वेगळा. सी९९ पासून इंटटाइप्स हेडरमध्ये पीआरआययू३२ मॅक्रो आहे, दिसायला कुरूप आहे पण तोच वापरा. साइझ_टी साठी %झेडयू.

व्हेंडरच्या हेडरमधल्या वॉर्निंग्ज आपण दुरुस्त करायच्या नाहीत, तो फोल्डर -आय ऐवजी -आयसिस्टमने द्यायचा म्हणजे जीसीसी त्या दाबतो, सीमेक या बिल्ड टूलमध्ये त्यासाठी सिस्टम हा कीवर्ड आहे.

एवढा खटाटोप का, तर चार बाइट जोडून तो आकडा यूइंट६४ मध्ये ठेवणारी ओळ बघा. शेवटचा बाइट २४ ने डावीकडे सरकवला, तो बाइट १२८ किंवा जास्त असला तर इंटचा साइन बिट लागतो आणि यूइंट६४ मध्ये जाताना वरचे ३२ बिट्स सगळे १ होतात. टेस्टमध्ये लहान आकडे असतात म्हणून हे सापडत नाही, डब्ल्यू-साइन-कन्व्हर्जन मात्र बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवतो. त्या ओळीच्या बाहेरून यूइंट६४ चा कास्ट मारला तर वॉर्निंग जाते आणि बग तसाच राहतो. कास्ट हवा तो आत, सरकवायच्या आधी, त्या बाइटवर.