येझदीचे बोल्ट: झिंक कुणाला, कुणाला नाही

फ्रेम पावडर कोटिंगहून आली, म्हणून आता नट-बोल्टांचा डबा. प्लेटिंगआधी, म्हणजे करंटनं झिंकचा थर चढवण्याआधी, ढीग लावले: डोक्यावर ८.८ असलेले, १०.९ चे, आणि १२.९ चे अ‍ॅलन बोल्ट (हा ताकदीचा दर्जा; आकडा मोठा तसं पोलाद कडक). स्प्रिंग वॉशर आणि सर्क्लिपवर (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काहीच लिहिलेलं नसतं, पण ते चांगलेच कडक, म्हणून १२.९ च्या पंगतीत.

एवढं सोवळंओवळं कशाला? गंज काढायच्या अ‍ॅसिडमध्ये आणि मग प्लेटिंगच्या करंटनं पोलादावर हायड्रोजन सुटतो. थोडा आत मुरतो, आणि वर जस्ताचा थर बसला की त्याची बाहेरची वाट बंद. मऊ पोलाद हे पचवतं, कडक पोलाद नाही. आवळताना काहीच कळत नाही. गाडी नुसती स्टँडवर उभी असताना काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं उडतं. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचे ९६ पैकी ३२ अँकर रॉड ताणल्यावर असेच तुटले. तिथं झिंक गरम बुडवून दिलं होतं, पाणीही साचलं होतं, पण मारेकरी हायड्रोजनच.

प्लेटिंगच्या आयएसओ ४०४२ या मानकानुसार धोक्याची रेघ ३९० व्हिकर्स (कडकपणाचं माप). १०.९ जेमतेम खाली (३२० ते ३८०), १२.९ थेट रेघेवर (३८५ ते ४३५).

मुरलेला हायड्रोजन बाहेर काढायला प्लेटिंगनंतर बोल्ट भट्टीत तापवतात, ते बेकिंग. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याला विचारलं, "बेकिंग करता का ओ?" "करतो की साहेब, पण लॉट मोठा पायजे." माझा लॉट म्हणजे मूठभर. मग ८.८ त्याच्याकडे, १०.९ घरच्या बादलीत. गंज वायर ब्रशनं काढला, अ‍ॅसिड नाहीच. प्लेटिंग होताच पुसून थेट जुन्या ओटीजीत: १९० ते २२० अंश, चार तासांच्या आत सुरुवात, रात्रभर मुक्काम. रेघेखालचे असले तरी इंजिन माउंटिंगचे आहेत, वीजबिल परवडलं. ओटीजीच्या बटणावर भरवसा नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. त्या ओटीजीत पुन्हा खायचं काही करायचं नाही. पिवळं पॅसिव्हेशन (जस्तावरचा संरक्षक थर) बेकिंगनंतरच, नाहीतर उष्णतेनं त्या थराला तडे जातात. (गच्चीवरचं सोलापुरी ऊन पुरेल का, असं मित्रानं विचारलं. चव्वेचाळीस अंशांत पापड वाळतात.)

१२.९, वॉशर आणि सर्क्लिपना झिंक नाही. ब्लॅक ऑक्साइड आणि तेल. आपल्या कोरड्या हवेत तेवढं चालतं.

बेक केलेले काही बोल्ट जाड प्लेटमध्ये पूर्ण टॉर्कला आवळून ठेवलेत. किमान ४८ तास तसेच, मध्ये एकदा पुन्हा आवळायचे. टिकले तर त्याच लॉटमधले माउंटिंगला.