कोपरातलं पीआरपी आणि आईचा गुडघा

प्लेटलेट म्हटलं की आपल्याकडे डायरेक्ट डेंग्यूच आठवतो, काउंट किती झाला, पपईच्या पानांचा रस दिला का वगैरे. त्यामुळे मी कोपरात प्लेटलेटचं इंजेक्शन घेणारे म्हटल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, अगं पण ताप कुठाय तुला?

ताप नव्हता, टेनिस एल्बो होता. टेनिसची रॅकेट आयुष्यात हातात धरली नाहीये, पण दिवसभर माउस आणि घरी पोळ्या, एवढं पुरतं. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात ना, तो टेंडन बिघडतो. जुनं दुखणं असेल तर तिथे सूज अशी फारशी नसतेच, टेंडनचे धागेच विस्कटलेले असतात, आणि मग कुकर उचलताना किंवा ओला टॉवेल पिळताना जीव जातो. एका डॉक्टरांनी आधी स्टिरॉइड सुचवलं होतं, पण त्याचं असंय की सुरुवातीचे काही आठवडे एकदम भारी वाटतं आणि वर्षभराने बघावं तर न घेतलेल्यांपेक्षा हाल जास्त, असं अभ्यासांमध्ये दिसलंय. म्हणून नको म्हटलं.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे जास्त प्लेटलेट असलेलं आपलंच रक्त. शिरेतून सिरिंजभर काढतात, सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवतात, आणि ट्यूब बाहेर आली की खाली गडद लाल थर, मध्ये एक अगदी पातळ पांढुरकी रेघ आणि वर पातळ केलेल्या तुपासारखा पिवळा प्लाझ्मा. मला ती ट्यूब दाखवली त्यांनी, मी बघतच बसले. रक्तात एरवी मायक्रोलीटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, इथे त्या दहा लाखांच्या आसपास किंवा वर नेतात. त्यांच्यातले ग्रोथ फॅक्टर जखम भरायला मदत करतात, म्हणून अडलेल्या ठिकाणी तेच जास्त प्रमाणात सोडायचे ही आयडिया. सोनोग्राफीत बघत सुई घातली आणि खरं सांगते, दुखतं. नंतरचे दोन-तीन दिवस तर आधीपेक्षा जास्त दुखलं, आणि ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम घ्यायचं नाही कारण त्या गोळ्या प्लेटलेटच्याच कामात खोडा घालतात, फक्त पॅरासिटामॉल चालतं.

आता बरंय का? हो, बरंच. पण इंजेक्शनने झालं की फिजिओने छोटा डम्बेल हळूहळू खाली सोडायचा जो व्यायाम करून घेतला त्याने, की नुसत्या काळाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात आपणहून बरा होतो. नेदरलँड्सच्या 100 पेशंटच्या ट्रायलमध्ये पीआरपी स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं होतं खरं, पण सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात मात्र खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत म्हणावा असा फायदा दिसला नाही.

मग एवढी हवा कशी झाली? खेळाडूंमुळे. 2009 च्या सुपर बोलआधी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलआधी, तिथला खेळाडू हाइन्स वॉर्डने गुडघ्याच्या लिगामेंटसाठी घेतलं, गोल्फवाल्या टायगर वुड्सचंही नाव आलं, आणि 2010 मध्ये वाडाने (खेळांतलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) स्नायूत पीआरपी घ्यायला बंदी घातली जी 2011 मध्ये उठवली. बंदी आली म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार, असं लोकांना वाटलं तर नवल नाही.

खरी गंमत गुडघ्याची. आईला एका क्लिनिकने तीन इंजेक्शनचं पॅकेज सांगितलं, कार्टिलेज, म्हणजे सांध्यातली गादी, नवीन येतं म्हणाले. मी वाचत बसले. चंदिगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलने 2013 मध्ये 78 पेशंटच्या झिजलेल्या दोन्ही गुडघ्यांवर ट्रायल केली होती, सहा महिन्यांपर्यंत सलाईनपेक्षा पीआरपी चांगलं, पण शेवटी शेवटी फायदा उतरायला लागलेला. नंतर 2021 ची ऑस्ट्रेलियाची मोठी ट्रायल आली, 288 लोक, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. वर्षभराने दुखणं दोन्ही गटांचं कमी झालं, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांचंही! आणि एमआरआयवर कार्टिलेजमध्येही फरक नाही. तेव्हा ते नवीन कार्टिलेजवालं वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं, कारण सत्तरीच्या बाईला आशा दाखवून चेक फाडायला लावणं म्हणजे काय.

फोन करून विचारलं, पीआरपीत काउंट किती येतो, पांढऱ्या पेशी ठेवता की काढता? हे दोन्ही महत्त्वाचं असतं कारण प्रत्येक ठिकाणचं पीआरपी वेगळं बनतं, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. पलीकडून उत्तर, मॅडम आपली मशीन इम्पोर्टेड आहे.

आई सध्या मांडीचे व्यायाम करते, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा, वर कुरकुरही करते. पॅकेजवाल्यांचे मेसेज चालूच आहेत, परवा तर दोन्ही गुडघ्यांवर फेस्टिव्ह डिस्काउंट होता.