तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाबांना डॉक्टरकडे नेणारी विम्याची गाडी

अमेरिकेत आईवडील सोबत राहत असले की हा प्रश्न येतोच: "रक्त तपासायचं असो की डोळे दाखवायचे, दर वेळी मलाच रजा टाकावी लागते. विम्यातून गाडी मिळते म्हणतात, खरं का?" खरं आहे. पण विमा कोणता, ते आधी बघा.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी ही आशा सोडावी. ग्रीन कार्ड असलं तरी मेडिकेडसाठी (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा) बहुतेक राज्यांत पाच वर्षं थांबावं लागतं, शिवाय उत्पन्नाची अट असते. एकदा मेडिकेड मिळालं की मात्र गाडी हा हक्क आहे. ज्याला उपचारापर्यंत पोचायचं दुसरं साधन नाही, त्याची सोय राज्याने करायचीच असते. आधी हे नियमावलीच्या आधारावर चालायचं, डिसेंबर २०२० मध्ये थेट कायद्यात लिहिलं गेलं. मूळ मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांचा सरकारी विमा) नेहमीच्या तपासणीसाठी गाडी नाही. काही मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपन्या चालवतात ते मेडिकेअर) देतात, पण फेऱ्या मोजून आणि बहुधा एकेरी. म्हणजे २४ फेऱ्या लिहिल्या असतील तर डॉक्टरच्या भेटी १२च.

कार्डामागच्या नंबरवर फोन करून 'ट्रान्सपोर्टेशन' मागा. गाड्या सहसा प्लॅन स्वतः पाठवत नाही, मॉडिव्हकेअर किंवा एमटीएमसारखी कंत्राटदार कंपनी पाठवते. बहुतेक ठिकाणी कामाचे दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं आणि त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत. सोमवारची गाडी बुधवारीच सांगून ठेवलेली बरी. सदस्य क्रमांक, जन्मतारीख, दवाखान्याचा फोन आणि सूट नंबरसकट पत्ता हाताशी ठेवा. मोठ्या हॉस्पिटलला चार दारं असतात, त्यातलं कोणतं तेही सांगा. तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या. आपण ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट समजतो, तिथे तो आठ मे होतो. बोलणं संपलं की कन्फर्मेशन नंबर लिहून घ्या.

"चालता येतं का?" या प्रश्नावर आपली माणसं अभिमानाने "हो" म्हणतात आणि दारात साधी सेडान येते. वॉकर लागतो का, पायऱ्या उतरता येतात का, व्हीलचेअरमधून उठून सीटवर बसता येतं का, हे नेमकं सांगा. उठता येत नसेल तर रॅम्प किंवा लिफ्टची व्हॅन लागते. साधी सेवा रस्त्याच्या कडेपासून कडेपर्यंत असते. दारापर्यंत मदत हवी तर तसं आधीच नोंदवा. सोबत कुणी जाणार असेल तर तेही आधी सांगा, कारण गाडीत दुसरे पेशंट असू शकतात आणि ऐन वेळी जागा नसते. कॅलिफोर्नियाच्या मेडी-कॅलमध्ये, म्हणजे तिथल्या मेडिकेडमध्ये, दोन वेगळे प्रकार आहेत: साध्या गाडीला डॉक्टरचा फॉर्म लागत नाही, व्हीलचेअर व्हॅन किंवा स्ट्रेचरला लागतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दर वेळी फोन करू नका, 'स्टँडिंग ऑर्डर', म्हणजे ठरलेल्या वारांची कायमची नोंद, लावून घ्या.

खरा घोळ परतीच्या वाटेवर होतो. परतीची वेळ ठरवून दिली आणि डॉक्टरांनी तासभर ताटकळत ठेवलं, की गाडी येऊन निघून जाते. म्हणून कधी मोकळं होऊ याचा भरवसा नसेल तिथे परतीसाठी 'विल-कॉल' मागा: काम झालं की फोन करायचा, मग गाडी निघते. त्यात तासभर बसावं लागू शकतं, तेव्हा डबा आणि गोळ्या सोबत द्या. कोलोनोस्कोपीसारखं भुलीचं काम असेल तर सोबत मोठं माणूस लागतंच. ड्रायव्हरला सोबतीचं माणूस धरत नाहीत. कुणी नसेल तर सेंटर तपासणी रद्द करतं.

गाडी चुकण्याचं अगदी क्षुल्लक कारण म्हणजे अनोळखी नंबर. ड्रायव्हर खालून फोन करतो, फसवणुकीच्या धास्तीने आई उचलत नाही, तो थोडा वेळ थांबून 'नो-शो', म्हणजे पेशंट आलाच नाही, असं लिहून जातो. असे शेरे साठले की प्लॅन पुढच्या गाड्यांना अटी घालू शकतो. दुसरा नंबर म्हणून स्वतःचा द्या. तुम्हीच सगळं बोलणार असाल तर आईबाबांची परवानगी प्लॅनकडे लेखी नोंदवा. त्यांना स्वतः बोलायचं असेल तर फोनवर मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

गाडी आलीच नाही तर कन्फर्मेशन नंबर सांगून आधी कंत्राटदाराला फोन, मग प्लॅनकडे 'ग्रीव्हन्स', म्हणजे रीतसर तक्रार. मेडिकेड प्लॅनने गाडी नाकारली तर कारण लेखी मागा. त्या पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं.

आणि शेवटी तुम्हालाच गाडी काढावी लागली, तरी अनेक राज्यांत मेडिकेडकडून मैलांप्रमाणे पैसे मिळतात. त्यासाठी बहुधा निघण्याआधी फोन करून फेरी नोंदवावी लागते आणि फॉर्मवर दवाखान्याची सही लागते. ती तिथेच घ्या, नाहीतर नुसत्या सहीसाठी आणखी एक खेप.