चौथे शील आणि कामठीचा रस्ता

अशोक विजयादशमीच्या, म्हणजे बौद्ध धम्मदीक्षेच्या स्मरणदिनाच्या, पहाटे आम्ही अकरा जणी कामठीहून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे पायी निघालो, तेव्हा प्रत्येकीच्या घरी दुपारपर्यंत पुरेल इतका स्वयंपाक झाकून ठेवलेला होता. पुरुषांची पदयात्रा उंबरठ्यापासून सुरू होते, आमची आदल्या रात्री चुलीपाशीच सुरू झाली होती. हिशेब नीट राहावा म्हणून एवढी नोंद करून ठेवते.

निघण्यापूर्वी विहारात त्रिसरण-पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणे आणि आचरणाची पाच शीले, घेतले. लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द, पण त्या दिवशी ते वाटभर सोबत राहिले, ते एका आजींमुळे. आयुष्यभर विड्या वळून त्यांची बोटे वाकडी झाली आहेत. इंदोऱ्याजवळ चहाला थांबलो असता पाळायला सर्वांत कठीण शील कोणते, असा विषय निघाला. एकीने पाचवे म्हटले, कारण दारूचा जाच तिने माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे पाहिलेला. त्यावर आजी म्हणाल्या, ‘‘दारू आपण पेतो कुठं वो बाई? चोरी कुठं करतो? आपलं चवथंच रोज मोडते. खोटं बोलल्याबिगर घर चालते का?’’

आधी सगळ्या हसल्या आणि मग एकेक जण आपापली खोटी वाक्ये सांगू लागली. भाकरी पुरली नाही की ‘मी मघाशीच जेवले’. अंगात ताप असताना ‘काही होत नाही’. भावाने विचारले की ‘सुखात आहे’. यातले एकही खोटे स्वतःच्या लाभासाठी नसते, म्हणून ते खोटे वाटतच नाही. उलट त्याला सोशिकपणा म्हणून नावाजले जाते. मीही त्या सकाळी अडीच तास ‘तहान नाही’ असेच म्हणत आले होते, कारण पहाटेच्या वेळी त्या रस्त्यावर बायकांना जाता येईल अशी जागा सहज सापडत नाही आणि पाणी प्यायले की ती शोधावी लागते.

‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि’ यातल्या ‘सिक्खापदं’ या शब्दावर आपण थांबत नाही. खोटे बोलण्यापासून दूर राहण्याची शिकवण मी स्वीकारते, असा त्याचा अर्थ. ती देवाची आज्ञा नव्हे, की मोडली म्हणून पाप लागावे. शिकायचे म्हणजे चुकणेही आलेच.

चालताना मला बुद्धांना वाढवणारी त्यांची मावशी महाप्रजापती गौतमी आठवत होती. कपिलवस्तूहून शाक्य स्त्रियांसह चालत ती वैशालीला पोहोचली, तेव्हा तिचे पाय सुजलेले होते आणि अंग धुळीने माखलेले होते. दाराबाहेर रडत उभ्या असलेल्या तिला बुद्धांचा शिष्य आनंद याने कारण विचारले. ‘काही नाही’ असे ती म्हणाली नाही. तिने बुद्धांकडे तीनदा मागितलेली आणि त्यांनी तीनदा नाकारलेली गोष्ट पुन्हा सांगितली: स्त्रियांना प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून संघात येण्याची मुभा, हवी. (पुढे परंपरेने भिक्खुणींवर ज्या आठ अटी घातलेल्या सांगितल्या जातात, त्या मला पटत नाहीत, पण तो वेगळा विषय आहे.)

संविधान चौकात उन्हे चढली. याच नागपुरात 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली होती आणि सुमारे 25,000 बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, कामगार बायांना रजा मिळावी, असे ठराव त्यांनी केले. घरी ‘सुखात आहे’ म्हणणाऱ्यांपैकीच त्या असतील, तरी मंडपात त्यांनी खरे तेच मांडले. धर्मांतराच्या 14 वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणून चौथे शील आमच्या बायांनी दीक्षेपूर्वीच गिरवायला घेतले होते, असे मला वाटते.

सीताबर्डी ओलांडल्यावर गर्दी इतकी दाटली की चालणे म्हणजे ढकलले जाणेच उरले. पुस्तकांची दुकाने, भोजनदानाच्या रांगा, पांढरी लुगडी आणि त्या सगळ्यांवर स्तूपाचा पांढरा घुमट. वंदना करून आम्ही सावलीला बसलो. माझ्या उजव्या टाचेचा फोड फुटला होता. आजींनी त्यावर खोबरेल लावले आणि तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, ‘‘सूनबाई, पोचली का? पाय तर दुखत नाही ना?’’

‘‘नाही जी, बिलकूल नाही,’’ मी म्हणाले.

आजींनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि माझ्यासमोर आपली चार वाकडी बोटे धरली.