काकांच्या नावाची शिष्यवृत्ती

काकांच्या स्मृत्यर्थ सुरू केलेल्या शिष्यवृत्तीचे अर्ज आज बजाजनगरच्या घरी काकूंसोबत वाचले. १९६० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या व्हीआरसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, स्थापत्य अभियंता होऊन काकांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली. तोतलाडोह धरणात अडवलेले पेंच नदीचे पाणी नवेगाव खैरीच्या धरणामार्गे नागपूरच्या नळांना कसे येते, हे ते ताटातल्या भाताचा बांध घालून आम्हा भावंडांना समजावत, आणि काकू "आधी जेवा" म्हणून दटावत. धरणावरून कितीही उशिरा परतले, तरी रविवारी सकाळी मुलींच्या गणिताच्या वह्या तपासल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे, आणि उत्तर बरोबर असूनही एकक लिहिलेले नसेल, तर त्याभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ ठरलेले असे.

अर्जात 'घरी कोणती कामे करता?' हा प्रश्न काकूंच्या आग्रहाने घातला आहे आणि माझ्या मते टक्केवारीच्या रकान्यापेक्षा तोच अधिक मोलाचा आहे. रामटेक तालुक्यातील एका मुलीने शेतातल्या विहिरीवरचा पंप आपण स्वतः दुरुस्त करतो, असे लिहून त्याची आकृतीही मापांसह जोडली आहे. काकूंनी तो अर्ज वेगळा काढला असला, तरी निवड मात्र सर्वांच्या मुलाखती झाल्यावरच होईल.