पहिलीचं नियमपत्रक आणि दम्याच्या पंपाचा फॉर्म : माझा अनुभव

पहिलीत मूल घातलं की शाळा पालकांच्या हातात एक नियमपत्रक देते. बहुतेक जण ते शेवटच्या पानावरच्या सहीपुरतंच उघडतात. मी मात्र पहिल्या ओळीपासून वाचलं. हौस म्हणून नव्हे. मुलाला दमा आहे आणि शाळेत त्याच्या निळ्या पंपाचं, म्हणजे दम लागला की लगेच घ्यायच्या इनहेलरचं, काय होणार, एवढंच मला शोधायचं होतं. ते सापडलं शेवटून दुसऱ्या पानावर, गणवेश आणि हरवलेल्या वस्तू यांच्या मधोमध: 'विद्यार्थ्याच्या दप्तरात कोणतेही औषध नसावे. आवश्यक असल्यास ऑफिसात फॉर्म भरून द्यावा.'

वाचायला किती सोपं!

आधी बाकीच्या नियमांचं सांगून टाकते, कारण त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. फाटकाशी निरोप घ्यायचा, वर्गापर्यंत यायचं नाही. सुरुवातीला जिवावर आलं, पण निरोप जितका लांबतो तितकं रडणं लांबतं हे दोनचार सकाळीच कळतं. न्यायला कोण येणार त्यांची नावं आणि फोन नंबर आधी द्यायचे. यादीत नाव नसेल तर सख्खी आजी आली, मूल धावत जाऊन बिलगलं, तरी ते ताब्यात देत नाहीत. हा नियम कुणाला जाचक वाटत असेल तर वाटो, मला तो सगळ्यात आवडला. वर्गशिक्षिकेशी सविस्तर बोलायचं तर डायरीत लिहून वेळ घ्यायची, सकाळी दारात उभं करून नाही. अभ्यास पहिलीला दहा मिनिटांच्या वर जाऊ नये असं त्यांनी स्पष्टच लिहिलं होतं, आणि चित्रं पालकांनी रंगवू नयेत असंही. (रंगवतात. ओळखू येतात.)

आजारपणाचा नियम तेवढा नीट वाचा. ताप उतरल्यावर 24 तास जाऊ द्यायचे, तेही तापाचं औषध न देता. सकाळी औषध पाजून मुलाला पाठवलं तर ते खेळतं-बागडतं, आणि औषधाचा असर संपला की दुपारी शाळेतून फोन येतो. तोवर शेजारच्या बाकावरच्या दोघांना प्रसाद मिळालेला असतो.

आता पंपाचा फॉर्म.

फॉर्मवर चार चौकटी होत्या: औषधाचं नाव, मात्रा, वेळ, पालकांची सही. हा फॉर्म ज्याने कुणी केला असेल, त्याच्या डोळ्यांसमोर अँटिबायोटिकची बाटली होती. दुपारी जेवणानंतर पाच मिली, संपला विषय. दमा असा घड्याळ बघून येत नाही. मैदानात पळापळ झाली, थंड वारा सुटला, फळा झाडताना खडूची भुकटी उडाली, नुसती सर्दी झाली, तरी छाती भरून येऊ शकते, आणि महिना महिना काहीच होत नाही असंही असतं. 'वेळ' या चौकटीत मी लिहिलं, 'गरज पडेल तेव्हा'.

फॉर्म परत आला. कारण काय, तर वेळ लिहिलेली नाही.

मी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून पुन्हा दिला. चिठ्ठीतही डॉक्टरांनी 'एसओएस' एवढंच लिहिलेलं, म्हणजे पुन्हा 'गरज पडेल तेव्हा'च. ऑफिसातल्या मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गरज पडली हे ठरवणार कोण? आमच्या टीचर काय डॉक्टर आहेत का?" त्या ज्या सुरात बोलल्या तो मला अजून आठवतो. बरं, मग काय लिहू म्हणून विचारलं, तर उत्तर, "ते तुम्ही बघा." त्यानंतर एकदा त्या रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्यांनी 'ठेवून जा' म्हणून फॉर्म घेतला, आणि पुढच्या वेळी तो कुणालाच सापडेना. तोपर्यंत पंप घरी आणि मूल शाळेत. रोज खेळाच्या तासाच्या सुमाराला मी फोन हातात धरून बसलेली.

आता शांत डोक्यानं सांगते. प्रश्न बरोबर होता. वर्गात तीसेक मुलं सांभाळणाऱ्या बाईंना 'गरज पडेल तेव्हा' या शब्दांचा काडीचा उपयोग नाही. पण मग हा प्रश्न पहिल्याच दिवशी, फॉर्मवर, छापून विचारायला काय हरकत होती? दम्याची मुलं शाळेत काही पहिल्यांदा आलेली नाहीत.

डॉक्टरांकडे गेले तर तेही वैतागले. "शाळेला अजून काय लिहून देऊ?" त्यांचंही खरं, बाहेर रांग लागलेली. म्हणून पुढच्या वेळी मीच घरी बसून एक पान लिहून नेलं, आणि त्यांना म्हटलं, यात आकडे भरा, चुकलं असेल ते खोडा आणि सही-शिक्का द्या. काम तिथल्या तिथे झालं. कुणाला हा सगळा व्याप करायचा असेल तर सुरुवातच या पानापासून करा. कोऱ्या कागदाला डॉक्टर वेळ देत नाहीत, लिहिलेल्या कागदावर पेन लगेच चालतं.

त्या पानाचे मी तीन भाग केले होते. दम्याच्या मुलांसाठी हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांचे आराखडे असतात, त्याच धर्तीवर.

पहिल्यात रोजचं. मूल ठणठणीत आहे, खेळू द्या, त्याला बाजूला बसवू नका. दमा म्हणून कवायतीतून काढून टाकणं हा उपाय नव्हे. पळापळीने त्रास होत असेल तर खेळाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घ्यायला डॉक्टर सांगतात. तसं सांगितलं असेल तर ते इथे लिहायचं. म्हणजे त्या चौकटीत भरायला एक तरी वेळ मिळते!

दुसऱ्यात सुरुवातीची लक्षणं, आणि तीही बघणाऱ्याला दिसतील अशी. सतत कोरडा खोकला. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज. खेळता खेळता मूल एकदम थांबून बसणं. 'छातीत दुखतंय' म्हणणं. लहान मुलं कधी कधी 'पोटात दुखतंय' म्हणतात, तेही लिहा. यातलं काही दिसलं तर किती पफ, किती मिनिटांनी पुन्हा बघायचं, आणि पालकांना फोन कधी करायचा. पफचा आकडा प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच भरून घ्या, दुसऱ्याच्या फॉर्मवरून उतरवू नका. याच भागात मी ठळक लिहिलं, 'सरळ बसवा, आडवं करू नका.' बरं वाटत नाही म्हटलं की शाळेत मुलाला आधी झोपवतात, आणि दम लागलेल्याला आडवं केलं की त्रास वाढतो.

तिसऱ्यात धोक्याची लक्षणं. धापेमुळे एक वाक्यही धड बोलता न येणं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं, पंप देऊनही फरक न पडणं. इथे आधी अँब्युलन्स, मग आई. आई फोन उचलते का बघत बसायचं नाही. आणि अँब्युलन्स येईपर्यंत पंप कसा देत राहायचा तेही डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

हे पान बघितल्यावर मॅडम म्हणाल्या, "हे असं आधीच द्यायचं ना." मी गप्प बसले. माझ्या नवऱ्याला विचारा, मी गप्प बसणं ही काय चीज आहे.

फॉर्म पास झाला, पंप दिला, आणि मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच दिसलं की पंप कुलुपात गेला. 'सर्व औषधे कुलूपबंद कपाटात' असा नियम. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. कपाट तळमजल्यावर एका टोकाला, वर्ग वरच्या मजल्यावर दुसऱ्या टोकाला, मैदान त्याच्याही पलीकडे. मी घड्याळ लावून वर्गापासून कपाटापर्यंत चालून पाहिलं. मी धडधाकट बाई, जिने रिकामे, तरी जो आकडा आला तो मला चालणारा नव्हता. त्यात मॅडम जेवायला गेलेल्या असल्या तर?

कुलपाचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. गोळ्या, सिरप कुलुपातच हवं. सहा वर्षांचं मूल रंगीत गोळी तोंडात टाकायला मागेपुढे बघत नाही. पण दम्याचा निळा पंप आणि गंभीर अॅलर्जीचं इंजेक्शन ही तातडीची औषधं. ती हाताशी हवीत, कुलुपात नकोत, असंच सगळीकडचे डॉक्टर सांगतात. शिवाय दम लागलेलं मूल जिने उतरून पंपापर्यंत जाणार नाही, पंप त्याच्यापर्यंत आला पाहिजे.

मुख्याध्यापकांना भेटले. ते ऐकून घेत होते, मान डोलवत होते, आणि 'नियम सगळ्यांना सारखा' म्हणत होते. दुसरं मूल पंपाशी खेळलं तर, अशी त्यांना धास्ती. मी डॉक्टरांकडून त्या पानाखाली आणखी एक ओळ लिहून आणली: 'हे औषध कुलुपात न ठेवता मुलाच्या जवळच्या मोठ्या व्यक्तीच्या हाताशी असावे.' माझं सगळं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं होतं, पण लेटरहेडवरची ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. निर्णय झाला. एक पंप वर्गात, बाईंच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पुरणार नाही पण कुलूप नाही असा. दुसरा ऑफिसात. मैदानावर जाताना वर्गातला पंप खेळाच्या सरांकडे.

मला याचा अभिमान वाटतो, लपवत नाही. त्याच वर्गातल्या आणखी एका मुलीचा पंपही नंतर त्याच फळीवर आला आणि तिच्या आईला एकही हेलपाटा पडला नाही. थोडा हेवाही वाटला.

तुमच्या शाळेत असंच कुलूप असेल तर आवाज चढवण्यात शक्ती घालवू नका, ती एक ओळ आधी मिळवा. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, हे मी आधीच सांगायला हवं होतं. हरवलेला फॉर्म 'तुम्ही दिलाच नव्हता' व्हायला वेळ लागत नाही.

वर्गशिक्षिका मात्र देवमाणूस निघाल्या. शाळा सुटल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, मला करून दाखवा. एवढ्या लहान मुलाला नुसता पंप तोंडात धरून जमत नाही, दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी साधत नाही. म्हणून मधे प्लास्टिकची नळकांडी, म्हणजे स्पेसर लागतो. बाईंनी पंप घेतला, चांगला हलवला, स्पेसरला लावायला गेल्या, तो बसेना. चिरंजीव शेजारी पाय हलवत बसले होते. "टीचर, टोपण काढायचं राहिलं." बाई हसल्या, टोपण काढलं, पंप लावला, एक पफ दाबला, आणि त्याचे संथ श्वास बोटांवर मोजले. दुसऱ्या पफच्या आधी पंप पुन्हा हलवायचा, हेही त्यानंच सांगितलं. तो शिकवतोय आणि टीचर शिकताहेत, यानं स्वारी दोन दिवस हवेत होती.

आता जसं आठवेल तसं. पंप मूळ खोक्यातच द्या, दुकानातून मिळालेल्या लेबलसकट. नाव, इयत्ता, तुकडी पंपावरही लिहा, नुसतं खोक्यावर नको. खोकं पहिल्या आठवड्यात फाटतं. एक्सपायरीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, शाळा आठवण करून देत नाही. पंप बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत सोडून बघावा लागतो, बाईंना हेही सांगून ठेवा. काही पंपांच्या मागे उरलेल्या पफचा आकडा दिसतो, शक्यतो तसाच घ्या, कारण पंप हलवून औषध किती उरलंय ते कळत नाही. खिडकीच्या उन्हात ठेवू नये. स्पेसर धुवायला घरी आणला तर साबणाच्या पाण्यातून काढून आपोआप वाळू द्या, फडक्यानं पुसू नका. घासल्यानं आतल्या प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध नळकांडीलाच चिकटतं. स्पेसर प्रत्येक मुलाचा वेगळा, आपलातुपला चालत नाही.

शाळेत पंप दिला की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि पफ डायरीत लिहून पाठवा, हेही बाईंकडून कबूल करून घ्या. लाजायचं काही नाही. निळा पंप वरचेवर लागायला लागला तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ असतो, आणि डॉक्टर पुढच्या खेपेला नेमकं तेच विचारतात.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दोन्ही पंप घरी आणायचे. दुसरीला फॉर्म नव्यानं. जुनी सही चालत नाही, आणि वर्गशिक्षिका बदलल्या की करून दाखवण्याचं कामही पुन्हा. ते पान मी मोबाइलमध्ये ठेवलंय. तारीख, वजन आणि पफचे आकडे तेवढे डॉक्टरांकडून नवे भरून घ्यायचे, आणि हे शाळा उघडल्यावर नाही, उघडायच्या आधी.